मोडीच्या ढिगातून जुनी वस्तू निवडताना: ठाणे, कल्याण, पनवेलच्या दुकानांसाठी पायरीपायरीने

जुन्या वस्तू घेताना लोक फसतात ते बहुतेक वेळा क्रम उलटा झाल्यामुळे. दुकानात शिरल्याबरोबर भाव विचारला जातो. मग दुकानदार वस्तूची कहाणी सांगतो, कहाणी आवडते, घासाघीस होते, पैसे दिले जातात. वस्तू हातात घेऊन उजेडात उलटीपालटी करून बघायचं तेवढं राहून जातं. समईच्या खांबात लोखंडी सळई आहे किंवा हंड्याच्या बुडाला एम-सील थापलंय, हे मग घरी आल्यावर कळतं.

हा लेख मोठ्या शोरूमसाठी किंवा लिलावांसाठी नाही. ठाण्याची जांभळी नाक्याभोवतीची जुनी बाजारपेठ, कल्याणचं जुनं गाव, पनवेल, अशा ठिकाणच्या छोट्या दुकानांसाठी आहे: मोड, म्हणजे वितळवायला दिलेली जुनी भांडी, घेणारी भांड्यांची दुकानं, भंगारवाले, जुन्या लाकडाच्या वखारी, जुनं फर्निचर विकणारे. मुंबईच्या चोरबाजारात माल चार हातांतून फिरून येतो. इथे तो बऱ्याचदा त्याच गावातल्या घरातून, कधी मागच्याच गल्लीतून आलेला असतो. ठाण्यात नौपाड्यातली किंवा चरईतली एखादी जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की माळ्यावरचं सगळं एकदम बाहेर पडतं. वस्तू कुठून आली हे विचारता येतं आणि कधीकधी खरं उत्तरही मिळतं. या दुकानांची खरी ओढ मला त्यासाठीच वाटते.

टप्पा १: घरातून निघण्याआधी

पहिल्यांदा एकच प्रकार ठरवा. पितळी दिवे, किंवा पाण्याची तांब्याची भांडी, किंवा अडकित्ते आणि विळ्या. ‘काहीतरी जुनं’ शोधायला निघालेला माणूस हमखास नको ते घेऊन येतो. एकाच प्रकारच्या भरपूर वस्तू पाहिल्या की कुठली कड जास्त झिजलीय आणि कुठला जोड नंतरचा आहे, हे डोळ्याला आपोआप दिसायला लागतं.

डोळा तयार करायला पैसे लागत नाहीत. नव्या भांड्यांच्या दुकानात जाऊन आजच्या बनावटीचा तांब्या हातात घ्या, त्याची कड आणि वजन लक्षात ठेवा. मग घरातल्या किंवा नातेवाइकांकडच्या जुन्या हंड्याशेजारी तो मनात ठेवून बघा. एखादा दिवस काढून पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहता आलं तर उत्तमच. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे एकत्र बघायला मिळतात.

जागेचं माप आधी घ्या. पाणी तापवायचा तांब्याचा बंब दुकानात देखणा दिसतो, पण फ्लॅटच्या हॉलमध्ये तो कुठे उभा राहणार? लाकडी कपाट घ्यायचं असेल तर लिफ्टची उंची, जिन्याचं वळण आणि दाराची रुंदी वहीत लिहून न्या.

पिशवीत एवढं असू द्या:

- छोटं पण ताकदीचं लोहचुंबक
- सराफाकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग
- टॉर्च (मोबाइलची चालते, पण वेगळी बरी)
- हुकाला टांगायचा छोटा वजनकाटा
- मोजपट्टी, ओलं आणि कोरडं असे दोन सुती फडके
- सुट्या नोटा

वेळही महत्त्वाची आहे. धनत्रयोदशीला आणि लग्नसराईत लोक जुनी भांडी मोडीत देऊन नवी घेतात, त्यामुळे त्या दिवसांत मोडीचा ढीग मोठा असतो. पण नेमकं तेव्हाच दुकानदाराला श्वास घ्यायला फुरसत नसते. गर्दी ओसरल्यावर दोन-चार दिवसांत, सकाळी दुकान उघडल्यावर जा. मोड वितळवायला रवाना व्हायच्या आत पोचलात की झालं.

टप्पा २: मोडीचा भाव आधी काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तिच्यावाचून पुढची सगळी घासाघीस अंधारात होते.

पितळ, तांबं, कासं यांचे भाव धातूच्या बाजाराबरोबर हलतात. म्हणून जायच्या दिवशीच, ज्या दुकानातून घ्यायचं नाही अशा एखाद्या भांड्यांच्या दुकानात दोन गोष्टी विचारा: पितळेची मोड आज किलोला काय भावाने घेता, आणि नवीन पितळी भांडं काय भावाने देता? तांब्याचे असेच दोन आकडे घ्या. वहीत लिहा.

समजा मोडीचा भाव किलोला ५०० रुपये आणि नव्या भांड्याचा ९०० रुपये निघाला. ३.२ किलोचा हंडा मोडीच्या भावाने १,६०० रुपयांचा आणि नव्याच्या भावाने २,८८० रुपयांचा झाला. दुकानदाराने तो साधारण पहिल्या आकड्याच्या आसपास घेतलेला आहे. साध्या, सगळीकडे मिळणाऱ्या हंड्यासाठी दुसऱ्या आकड्याच्या वर जायचं कारण नाही. वर जायचं तर घडणीत, दुर्मीळपणात किंवा वापरात काहीतरी खास हवं, आणि ते काय आहे हे तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

टप्पा ३: दुकानात आधी बघा, मग बोला

आत गेल्यावर काय हवं ते लगेच सांगू नका. ‘काका, जरा बघतो’ एवढं पुरे. वस्तू दिसली की भाव न विचारता ती दारापाशी उजेडात न्या आणि याच क्रमाने तपासा.

पहिल्यांदा उलटी करा. तळ खोटं बोलत नाही. वर्षानुवर्षं फरशीवर, चुलीवर, शेणाच्या जमिनीवर ठेवलेल्या भांड्याच्या बुडाला बारीक, वेगवेगळ्या दिशांचे ओरखडे असतात. सगळे ओरखडे एकाच दिशेला असतील तर ते पॉलिश पेपरचे समजा.

मग हात जिथे लागतो ती ठिकाणं बघा: कान, कडी, काठाची आतली बाजू, झाकणाची मूठ. खरी झीज तिथेच असते. झीज सगळीकडे सारखी असेल, किंवा खोलगट नक्षीतही मुद्दाम घासल्यासारखी चमक असेल, तर ती वापराने आलेली नाही.

तिसरं, जोड. जुन्या, ठोकून घडवलेल्या हंड्या-कळश्यांना पत्र्याचे दोन तुकडे एकमेकांत अडकवून झाळलेला दातेरी जोड दिसतो. करवतीच्या दातांसारखी एक रेघ पोटावरून जाते. आत टॉर्च टाकून ती रेघ बघा. नवीन यंत्रावर ओढलेल्या भांड्यात जोड नसतो आणि आतून एकाआत एक गोल रेघा दिसतात.

> सावधान: हातोडीचे ठोके, म्हणजे मठारकाम, दिसलं म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. पुण्याच्या तांबट आळीत आजही हाताने मठारकाम होतं, आणि ते सुंदरच असतं. पण ते नवीन काम आहे, त्याचा भाव नव्या कामाचाच द्या.

चौथं, चुंबक. पितळ, तांबं, कासं यांना ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर पितळी मुलामा. पण चिकटलं नाही म्हणजे पितळच, असंही नाही. ॲल्युमिनियम आणि जस्ताच्या ओतीव वस्तूंनाही चुंबक लागत नाही. ॲल्युमिनियम हातात घेतल्यावर वजनावरूनच कळतं. जस्ताचा संशय असेल तर दुकानदाराला विचारून तळाच्या आतल्या कडेला कानशीने हलकी रेघ मारा. आत पांढरट निघालं तर ठेवून द्या.

पाचवं, हिरवा गंज. ओलं फडकं फिरवा. जुना गंज धातूला धरून बसलेला असतो, तो एवढ्याने निघत नाही. आम्ल लावून आठवड्याभरात आणलेला हिरवा रंग फडक्यावर उतरतो.

आणि नाव. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत होती, आणि ते नाव हा वस्तूचा सगळ्यात बोलका भाग असतो. समजा मोडीच्या पोत्यातून एक डबा निघतो. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं ठोकलेली आहेत: आधी ‘सौ.’, मग झिजून गेलेलं नाव, खाली ‘शके १८६१’. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक ठिपक्याची खोली थोडी वेगळी दिसते, आणि झाकण उलटं केल्यावर पातळ पत्र्याला आतून बारीक उंचवटे जाणवतात. हे छिन्नी-हातोडीचं काम. शक्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं (जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९), म्हणजे हा डबा १९३९-४० च्या सुमाराचा. विजेच्या यंत्राने घातलेल्या नावाची रेघ सलग आणि थरथरती असते, ती अलीकडची. आता एकच काळजी घ्या: अक्षरांच्या कडा आजूबाजूच्या पृष्ठभागाइतक्याच झिजलेल्या आहेत का? धातू गुळगुळीत आणि अक्षरं बोटाला टोचत असतील, तर नाव नंतर घातलं आहे.

समईला वेगळी तपासणी लागते. बैठक, खांब, वाटी आणि शिखर पिळून वेगळे करा. दोन वेगवेगळ्या समयांचे भाग जुळवून एक केलेली सर्रास मिळते. आटे नीट बसतात का, चारही भागांच्या पितळेचा रंग सारखा आहे का, ते पाहा. खांबाच्या पूर्ण उंचीवर चुंबक फिरवा. बैठक उलटी करून आत टोकरा, कारण वजन वाढवण्यासाठी पोकळीत लाख किंवा सिमेंट भरलेलं असू शकतं. वजनावर घेताना तुम्ही त्या सिमेंटचेही पितळेच्या भावाने पैसे देता.

टप्पा ४: भांड्यांपलीकडच्या वस्तू

*कासं.* तांबं आणि कथील यांचा हा मिश्रधातू टणक पण ठिसूळ असतो. वाटी पाच बोटांवर तोलून नखाने टिचकी मारा. नाद लांबला तर ठीक, ‘थद्’ असा बसका आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, दिसत नसला तरी.

*जर्मन सिल्व्हर.* यात चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. चांदी म्हणून कुणी देत असेल तर ओळखीच्या सराफाकडे कसाला लावल्याशिवाय पैसे देऊ नका.

*लाकूड.* जुन्या सागवानी कपाटाचे खण पूर्ण बाहेर काढा. खणाची मागची आणि खालची बाजू, जिथे कुणी पॉलिश करत नाही, तिथेच वय कळतं. तिथे प्लायवूड दिसलं तर कपाट अर्धं नवीन आहे. बारीक भोकं दिसली तर खाली कागद अंथरून कपाट दोनदा ठोका. ताजी पिवळसर भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. भोकं जुनी, काळवंडलेली आणि भुकटी नाही, तर चालेल. पावसाळ्यात लाकूड फुगून सैल सांधेही घट्ट वाटतात, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये खुर्ची घेतलीत तर बसून, मागे रेलून, डावी-उजवीकडे हलवून बघा.

*चिनी मातीच्या वस्तू.* बशीच्या खालचा शिक्का वाचा, कारण देशांची नावं तारखा सांगतात. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर वस्तू १९४५ ते १९५२ मधली. चेकोस्लोव्हाकियाचं नाव १९१८ नंतरच येऊ शकतं. ‘वेस्ट जर्मनी’ १९४९ ते १९९० मधलं. शिक्का झिलईच्या खाली असला पाहिजे. नखाला जाणवला तर संशय घ्या. लोणच्याच्या जुन्या बरण्या शोभेला ठेवा. झिलई तडकलेली असेल तर त्यांत खाण्याचं, विशेषतः आंबट, काही भरू नका, कारण जुन्या झिलईत शिसं असू शकतं.

*देवादिकांची छापील चित्रं.* राजा रविवर्म्याची म्हणून जी चित्रं मिळतात त्यांत नव्या छपाईचा भरणा आहे. चित्र चौकटीतून काढून भिंगाखाली धरा. जुन्या शिळाछापाचे ठिपके वेडेवाकडे, कमी-जास्त आकाराचे असतात. रांगेत शिस्तीत बसलेले, फुलासारखे गोल करणारे रंगीत ठिपके दिसले तर ती ऑफसेट छपाई. चौकट जुनी असणं हा कसलाच पुरावा नाही. जुन्या चौकटीत नवं चित्र घालणं हे दहा मिनिटांचं काम आहे.

*घड्याळं आणि ग्रामोफोन.* एचएमटीच्या जुन्या मनगटी घड्याळांच्या डायल पुन्हा रंगवून, भडक रंगांत विकल्या जातात. अक्षरं भिंगाखाली पाहिली की शाई पसरलेली दिसते. अंधारात चमकणाऱ्या काट्यांची फार जुनी घड्याळं उघडून काटे खरवडू नका. जुन्या चमकत्या रंगात रेडियम असायचं. पितळी कर्ण्याचा चकचकीत ग्रामोफोन, ज्यावर कुत्र्याचं चित्र ठळक चिकटवलंय, तो बहुधा जुळवून केलेला नवा असतो. जुनी मोटर, नवी पेटी, नवा कर्णा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, पडल्या की फुटतात. त्या उभ्या ठेवून न्या.

*रेडिओ, पंखे.* दुकानात चालू करून दाखवा असा आग्रह नको आणि घरी आणून थेट प्लग तर अजिबात नको. वायरींचं आवरण सुकून तडकलेलं असतं, आणि काही व्हॉल्व्ह रेडिओंच्या सांगाड्यातच वीज उतरते. आधी जाणकार मेकॅनिक.

*नाणी.* एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं नाणं कंपनीने कधी पाडलंच नाही. नंतर बनवलेले ते बिल्ले आहेत. आणि ‘तांदूळ ओढणारं भांडं’ किंवा ‘विजेचं तांबं’ असं कुणी हळू आवाजात बोलायला लागला, तर तिथून निघा. ही ठरलेली फसवणूक आहे आणि तिच्यात लोकांनी घरं गमावली आहेत.

टप्पा ५: कुठून आली ते विचारा, आणि कायदा लक्षात ठेवा

तपासणी झाल्यावरच बोलायला सुरुवात करा. ‘किती जुनी आहे?’ असं विचारलंत तर ‘दीडशे वर्षांची’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा: ‘काका, ही मोडीत आली की घर रिकामं करताना?’ ‘याच्याबरोबर अजून काय आलं होतं?’ दुसरा प्रश्न फार कामाचा. एका घरातून आलेल्या वस्तू पोत्यात एकत्र असतात, आणि हरवलेलं झाकण किंवा समईचं शिखर त्याच पोत्याच्या तळाशी मिळू शकतं. उत्तर वहीत दुकानदाराच्याच शब्दांत लिहा, पण त्याला पुरावा समजू नका.

आता कायदा. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यानुसार साधारणपणे १०० वर्षांहून जुनी कलात्मक किंवा ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरते. हस्तलिखितं आणि कागदपत्रांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे करावी लागते. खाजगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलीला जुनी समई पाठवायचा विचार असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या. सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचं कार्यालय शीव किल्ल्यापाशी आहे, तिथे चौकशी करा.

> या वस्तू हातात घेऊ नका: दगडी मूर्ती, देवळातली घंटा किंवा देवस्थानाचं नाव असलेली कुठलीही वस्तू, जमिनीत सापडली म्हणून सांगितलेली वस्तू, हस्तिदंत, सांबरशिंग, कातडी. शेवटच्या तिन्ही वस्तू वन्यजीव कायद्यात येतात, आणि ‘आमच्या आजोबांची होती’ या सबबीने तुम्ही सुटत नाही.

चोरीचा माल आहे असं वाटण्यासारखं कारण असताना घेणं हाही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. भाव मोडीच्या भावाहूनही खाली असेल, पावती द्यायला नकार असेल, ‘लवकर घेऊन जा’ अशी घाई असेल, तर ती वस्तू कितीही आवडली तरी सोडा.

टप्पा ६: भाव

वजन तुमच्यासमोर करून घ्या, आपल्या काट्यावरही एकदा टांगा. टप्पा २ मधले दोन आकडे मनात ठेवून आता भाव विचारा.

दोष दाखवायचे तर खरे दाखवा आणि एकदाच दाखवा: ‘शेठ, इथे झाळून डाग दिलाय, कान एक नंतरचा आहे. मी एवढे देऊ शकतो.’ चांगल्या वस्तूला नावं ठेवून भाव पाडणं मला पटत नाही, आणि जुन्या दुकानदारांना ते लगेच कळतं. पुढच्या वेळी तो चांगला माल तुम्हाला दाखवणारच नाही. तीन वस्तू एकत्र घेत असाल तर भाव सहज उतरतो. पण त्या नादात तिसरी नको असलेली वस्तू घेऊ नका.

तपासणी: पैसे काढण्याआधी स्वतःला विचारा, दुकानदाराने काहीच सांगितलं नसतं तर मी हीच किंमत दिली असती का? उत्तर नाही असेल तर तुम्ही कहाणीचे पैसे देताय. चहा पिऊन या, ठाण्यात असाल तर तलावपाळीला एक फेरी मारा, मग ठरवा.

टप्पा ७: पावती आणि नेणं

साध्या कागदावर का होईना पावती घ्या: दुकानाचं नाव, तारीख, वस्तू, धातू, वजन, रक्कम. ‘जुना पितळी डबा, झाकणासह, झाकणावर नाव, १.४ किलो’ इतकं सविस्तर लिहून घ्या. दुकानातच चारही बाजूंनी आणि तळाचा फोटो काढा.

समईचे भाग वेगळे करून प्रत्येक भाग वर्तमानपत्रात गुंडाळा. हंड्याला कानाने उचलू नका, बुडाखाली हात घ्या. जुना कान जोडापाशीच निखळतो. लोकलने जायचं तर संध्याकाळची गर्दी टाळा. पितळी घंगाळ दुसऱ्याच्या पायावर पडलं तर काय होईल याचा विचार करा.

टप्पा ८: घरी आणल्यावर पहिला आठवडा

सगळ्यात जास्त वस्तू खराब होतात त्या इथे. घरी आल्याबरोबर चिंच, लिंबू, घासणी घेऊन बसू नका. ठाण्यातच जन्मलेली पीतांबरी रोजच्या भांड्यांना उत्तम. पण नाव कोरलेल्या, नक्षीच्या वस्तूवर पहिल्याच दिवशी कुठलीही पावडर घासू नका. अक्षरांची कड प्रत्येक घासण्याबरोबर थोडी जाते, आणि गेलेली परत येत नाही.

हा क्रम ठेवा:

1. वस्तू वेगळी ठेवा. लाकडी असेल तर पांढऱ्या कागदावर, बाकी फर्निचरपासून दूर, आठवडाभर. रोज कागदावर भुकटी पडते का पाहा. पडली तर आधी कीडनाशक उपाय, मग घरात.
2. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा.
3. धातू असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण, मऊ कापड. लगेच पुसून पूर्ण कोरडं करा. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत सांध्यात राहिलेलं पाणी गंज धरतं.
4. फिकट हिरवी, भुसभुशीत, बोटाने निघणारी पुळी दिसली आणि पुसल्यावर पुन्हा आली, तर ती क्षारांमुळे धातू आतून खाणारी बाधा आहे. ती वस्तू कोरड्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि संवर्धन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.
5. एवढं करून आठवडाभर तशीच वापरा किंवा मांडून ठेवा. मग किती चमक हवी ते ठरवा. बऱ्याचदा जास्त चमकवायची इच्छाच राहत नाही.

स्वयंपाकात वापरायचं असेल तर दोन गोष्टी बघितल्याशिवाय नको. एक, जोडावर झाळलेला करडा, मऊ, नखाने ओरखडा पडणारा डाग असेल तर त्यात शिसं असू शकतं. ते भांडं शोभेलाच ठेवा, पाणीही पिऊ नका. दोन, तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून कल्हई हवीच. कल्हईवाल्याला शुद्ध कथील वापरायला सांगा, आणि शक्य असेल तर समोर उभं राहून करून घ्या: भांडं तापवणं, नवसागर टाकणं, कथील फिरवून कापसाने पुसणं, हे सगळं काही मिनिटांचं काम आहे. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका. आतून तांबूस किंवा पिवळं दिसायला लागलं की पुन्हा कल्हई. तोवर त्यात ताक, आमटी, कढी काही नाही.

वस्तूत एक चिठ्ठी ठेवा: कधी, कुठल्या दुकानातून, काय वजन, दुकानदाराने काय सांगितलं, तुम्हाला स्वतःला काय दिसलं. शेवटच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळींवर लिहा. म्हणजे पुढे घरातलं कुणी वाचेल तेव्हा ऐकीव काय आणि पाहिलेलं काय, हे त्याला कळेल.

दुकानदाराशी ओळख झाली की आपला नंबर आणि काय हवं ते त्याच्या वहीत लिहून या. ‘मोरविळी आली तर मोड पाठवण्याआधी एक फोन करा’ एवढं सांगा. बघायला येण्याचं कबूल करा, घेण्याचं नाही. फोन आला तर त्याच दिवशी जा. न घेता परतावं लागलं तरी जा, नाहीतर पुढच्या वेळी फोन येणार नाही.